‘सिस्टीमनं काढलं’ म्हणजे नेमकं कोणी काढलं?

प्रश्न असा आला आहे: “१० डिसेंबरला मानवी हक्क दिनानिमित्त आमच्या महाविद्यालयात चर्चासत्र आहे. १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा एआयच्या काळात पुरेसा आहे का? नवी कलमं घालायची तर कोणती? तुम्ही रेशन-पेन्शनच्या प्रकरणांत वर्षानुवर्षं वकिली करता, म्हणून तुम्हाला विचारतो.”

नवी कलमं लिहायची घाई करू नका, असं माझं मत आहे. जाहीरनाम्याचा मजकूर आपण समजतो तितका जुनाट नाही. कलम १९ मध्ये अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे आणि ते ‘कोणत्याही माध्यमातून, सरहद्दींची तमा न बाळगता’ असं आहे. १९४८ साली इंटरनेट कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, तरी वाक्य आजही तसंच्या तसं लागू पडतं. कलम १२ खासगी आयुष्य आणि पत्रव्यवहार यांत मनमानी ढवळाढवळ करू देत नाही. कलम २५ मध्ये बेकारी, आजारपण, अपंगत्व, वार्धक्य यांच्याबरोबर वैधव्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. निराधार योजनेच्या फायली हाताळणाऱ्या माझ्यासारखीला ते कलम घरचंच वाटतं. पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल अशी शब्दरचना होती, ती बदलून ‘सर्व माणसं’ असं करून घेणाऱ्या हंसाबेन मेहता आपल्या मुंबई विधिमंडळात बसलेल्या होत्या, हेही विद्यार्थ्यांना सांगा. सहसा कोणी सांगत नाही.

गळती आहे ती कलम ८ आणि कलम १० मध्ये. हक्क मोडला गेला तर परिणामकारक दाद मिळाली पाहिजे, आणि आपल्या हक्कांचा निर्णय होताना आपली बाजू निःपक्षपातीपणे ऐकली गेली पाहिजे, असं ही दोन कलमं सांगतात. ती लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: निर्णय कोणीतरी घेतो, तो कोणी घेतला हे कळतं, आणि त्याच्यापुढे जाऊन उभं राहता येतं. आज हे गृहीतच धरता येत नाही.

मराठवाड्यातल्या एका तालुक्यातलं प्रकरण सांगते. साठीच्या पुढची विधवा, शेतमजुरी करणारी. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान पावसाळ्याच्या तोंडावर थांबलं. बँकेत विचारलं, तर “आमच्याकडे पैसेच आले नाहीत.” तलाठी म्हणाले, “माझ्या यादीत तुमचं नाव आहे.” तहसीलच्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेत लिपिकानं संगणकावर नाव काढून दाखवलं, पुढे एकच शब्द होता, ‘अपात्र’. कारणाचा रकाना कोरा. “हे कोणी केलं?” “वरून झालंय, सिस्टीमनं काढलंय.” “मग परत घाला.” “माझ्या लॉगिनला ते बटणच नाही.” त्या मुलाचं खोटं नव्हतं, मी स्वतः पाहिलं. जिल्ह्याला पत्र गेलं, जिल्ह्यानं मुंबईला पाठवलं, आणि मुंबईतून उत्तर आलं की डेटाचं काम बाहेरच्या एजन्सीकडे आहे. शेवटी निघालं काय, तर शेजारच्या तालुक्यात त्याच नावाची, त्याच जन्मवर्षाची दुसरी बाई लाभार्थी होती आणि कुठल्याशा जुळणीत दोघी एकच ठरल्या. दिवाळी उलटल्यावर अनुदान सुरू झालं. मधल्या महिन्यांची थकबाकी मागितली, तर उत्तर आलं, “मागचं द्यायची सोय सिस्टीममध्ये नाही.”

या गोष्टीत जाहीरनाम्यातलं एकही तत्त्व अपुरं पडलेलं नाही. सामाजिक सुरक्षेचा हक्क होता, समानतेचा होता, दाद मागण्याचाही होता. नव्हता तो फक्त दाद देऊ शकणारा माणूस.

आता भारतीय कायद्यात हे नवं आहे का? अजिबात नाही. १९८१ साली मुंबईत ऐन पावसाळ्यात फुटपाथवरच्या झोपड्या उठवायला सुरुवात झाली आणि त्यातून ओल्गा टेलिस खटला उभा राहिला. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३१४ नुसार अतिक्रमण नोटीस न देता काढता येत होतं. पालिकेचं म्हणणं असं, की अतिक्रमण करणाऱ्याला सांगण्यासारखं असणार काय, मग सुनावणी कशाला? १० जुलै १९८५ च्या निकालात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठानं दोन गोष्टी ठरवल्या. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, ही पहिली. ती सगळ्यांना पाठ असते. दुसरी जास्त उपयोगाची आहे: नोटीस न देण्याची मुभा म्हणजे नोटीस न देण्याचा हुकूम नव्हे, आणि ‘ऐकून काय फरक पडणार’ ही सबब चालणार नाही. हेही सांगायला हवं, की त्या लोकांना प्रत्यक्षात फारसं काही मिळालं नाही. ३१ ऑक्टोबरनंतर, म्हणजे पावसाळा संपल्यावर, झोपड्या काढायला न्यायालयानं परवानगी दिलीच. पण तत्त्व मागे राहिलं. बुलडोझर आणायच्या आधी विचारावं लागतं. माझा सगळा युक्तिवाद एवढाच आहे, की यादीतून नाव काढण्याआधीही विचारावं लागलं पाहिजे.

बाहेरच्या देशांतली दोन प्रकरणं चर्चासत्रात जरूर घ्या. ती श्रीमंत, सुशिक्षित, उत्तम नोंदी ठेवणाऱ्या देशांतली आहेत, त्यामुळे ‘आपल्याकडे डेटा कच्चा आहे म्हणून असं होतं’ ही पळवाट बंद होते.

ऑस्ट्रेलियात २०१५ ते २०१९ या काळात बेकारी भत्ता आणि तत्सम मदत घेणाऱ्यांकडून ‘जादा दिलेली’ रक्कम वसूल करायची योजना चालली. लोक तिला रोबोडेट म्हणू लागले. पद्धत साधी होती. आयकर खात्याकडची वर्षाची कमाई घ्यायची, तिला २६ पंधरवड्यांनी भागायचं आणि प्रत्येक पंधरवड्यात माणूस तेवढं कमावत होता असं धरायचं. आता एखाद्यानं सहा महिने काम केलं, पुढचे सहा महिने काम नव्हतं म्हणून रीतसर भत्ता घेतला, तर या भागाकारात तो वर्षभर कमावता दिसतो आणि भत्ता लबाडीचा ठरतो. घरी पत्र जातं: इतके डॉलर भरा, नाहीतर तुम्ही निर्दोष आहात हे सिद्ध करा, त्यासाठी काही वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या आणा. चार लाखांहून जास्त लोकांवर मिळून पावणेदोन अब्ज डॉलरच्या आसपास बेकायदा देणी लादली गेली. २०२३ च्या जुलैत चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि त्यानं मंत्र्यांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना धारेवर धरलं.

इथे कृत्रिम बुद्धिमत्ता कुठेच नव्हती. प्राथमिक शाळेतला भागाकार होता. म्हणून मला ‘एआयसाठी नवे हक्क’ या शब्दप्रयोगाचीच धास्ती वाटते. कायदा एआयच्या व्याख्येवर टांगला, की उद्या प्रत्येक खातं म्हणणार, “आमचं काही एआय नाही हो, साधी एक्सेल आहे.” आणि ते खरंही असेल! माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ प्रकरणांत मागे कुठलं न्यूरल नेटवर्क नसतं. दोन याद्या एकमेकींवर ठेवलेल्या असतात. हक्काचं कलम यंत्र किती हुशार आहे यावरून लागू होता कामा नये. माणसाच्या ताटातलं काय गेलं, यावरून लागू व्हावं.

नेदरलँड्सचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे आणि मला त्यातून जास्त शिकायला मिळालं. पाळणाघराच्या खर्चासाठी पालकांना सरकारी भत्ता मिळतो. त्यात फसवणूक शोधायला कर खात्यानं जोखीम ठरवणारी संगणकीय प्रणाली वापरली आणि तिच्या निकषांत राष्ट्रीयत्व होतं. डच नागरिकत्व नसलेले पालक आपोआप वरच्या जोखमीत जायचे. एकदा संशय आला, की एखादी सही राहिली किंवा स्वतःचा वाटा थोडा कमी भरला एवढ्यावरून वर्षाचा सगळा भत्ता परत मागितला जाई. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली. १५ जानेवारी २०२१ रोजी मार्क रुट यांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. त्याच वर्षी डिसेंबरात तिथल्या डेटा संरक्षण प्राधिकरणानं कर खात्याला साडेसत्तावीस लाख युरोंचा दंड केला.

पण ही नुसती यंत्राची गोष्ट नव्हती. यंत्रानं संशय घेतला. ‘एक चूक म्हणजे सगळी रक्कम परत’ हा कठोर अर्थ माणसांनी लावला होता, आणि वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयानं २०१९ पर्यंत तो उचलून धरला होता. न्यायालय होतं, अपील होतं, वकील होते, तरीही लोक चिरडले गेले, कारण न्यायाधीशही फाईलवरच विसंबले. त्याच देशात ५ फेब्रुवारी २०२० रोजी हेगच्या जिल्हा न्यायालयानं ‘सिरी’ ही फसवणूक शोधणारी दुसरी सरकारी प्रणाली रोखली. कशाच्या आधारावर? कुठल्याही नव्या डिजिटल हक्काच्या नव्हे. १९५० च्या युरोपीय मानवी हक्क करारातल्या कलम ८ च्या आधारावर, म्हणजे खासगी आयुष्याच्या जुन्याच हक्कावर. प्रणाली कशी चालते हे पुरेसं उघड नाही, तपासता येत नाही, म्हणून ती हक्काशी विसंगत, एवढा सरळ तर्क होता. एकाच देशात, जवळपास एकाच काळात, जुन्या तत्त्वानं एकीकडे काम केलं आणि दुसरीकडे केलं नाही. फरक तत्त्वात नव्हता, ते वापरणाऱ्यांच्या तयारीत होता.

आता घराजवळ या. तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाची प्रणाली वेगवेगळ्या सरकारी याद्या जोडून एका माणसाचं एकत्र चित्र उभं करते. तिथे लाखो रेशनकार्डं रद्द झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं; २०२२ मध्ये न्यायालयानं रद्द झालेल्या सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करायला सांगितलं. हैदराबादमधल्या एका महिलेचं कार्ड नवऱ्याच्या नावावर मोटार आहे म्हणून बंद झालेलं होतं. नवरा सायकलरिक्षा ओढणारा. मोटार त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्या कोणाची. माझ्या मराठवाड्याच्या बाईची आणि हिची गोष्ट एकच आहे. आपल्याकडे गावात एका नावाची पाच माणसं असतात, आणि नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं मानणारी यादी इथे चुकणारच.

आपल्या लाडक्या बहिणींचं घ्या. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्र सरकारनं सांगितलं, की माहिती तंत्रज्ञान विभागाच्या छाननीत सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र असल्याचं दिसतंय आणि त्यांचा लाभ तूर्त थांबवलाय. त्यात अपात्र लोक होतेच, पुरुषांनीही पैसे उचलले होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सार्वजनिक पैसा तपासलाच पाहिजे. माझा आक्षेप क्रमावर आहे. आधी हप्ता थांबला, मग जिल्हाधिकाऱ्यांकरवी पडताळणी. उलट क्रम का नको? त्यानंतर ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी आली, आणि तिच्यात पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. पती वारलेला, वडीलही वारलेले, तर ओटीपी कोणाच्या मोबाईलवर यायचा? फॉर्म बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ही बाई नव्हती. ओरड झाल्यावर अशांसाठी वेगळी सोय करावी लागली.

या ठिकाणी सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५ चा निकाल फार महत्त्वाचा आहे आणि मराठीत त्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या एका महिलेला बँकेत खातं उघडायचं होतं. डिजिटल केवायसीत जिवंतपणा सिद्ध करायला कॅमेऱ्यापुढे पापणी मिटावी लागते. तिला पापणी मिटता येत नव्हती. न्यायालयानं डिजिटल सेवेपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसी अपंग, दृष्टिहीन व्यक्तींना करता येईल अशी बदलण्यासाठी वीस निर्देश दिले. पाहा, कलम २१ हे १९५० चं. त्याला एकही शब्द जोडावा लागला नाही.

मग अद्ययावत करायचं काय? माझ्या मते तत्त्व नव्हे, कार्यपद्धती; आणि ती कायद्यात, थेट बंधनकारक शब्दांत. माझी पहिली मागणी अशी, की हातातला लाभ बंद करायचा तर आधी मराठीत लेखी नोटीस, त्यात कारण आणि कोणत्या नोंदीवरून ते काढलं याचा उल्लेख, आणि सुनावणी होईपर्यंत लाभ चालू. सरकारी अधिकारी इथे हमखास म्हणतात, की तोवर अपात्र माणूस पैसे खात राहील. राहील थोडे महिने. त्याच्याकडून वसुली करायला सरकारकडे तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत यंत्रणा आहे. उपाशी राहिलेल्या बाईकडे मागचे महिने वसूल करायला काहीच नाही. चुकीची किंमत ज्याला सोसवते त्याच्याकडे ती ठेवावी.

दुसरं, सिद्ध करण्याचा भार. नोंद चुकीची आहे हे नागरिकानं का दाखवायचं? रोबोडेटमध्ये सगळं वाटोळं या उलट्या भारानं झालं. जो यादी वापरतो त्यानं ती बरोबर आहे हे दाखवावं.

आणि बटण. निर्णयात ‘माणूस असला पाहिजे’ असं हल्ली प्रत्येक आंतरराष्ट्रीय मसुद्यात लिहिलेलं असतं. माणूस आमच्या तहसीलमध्येही होता, खुर्चीवर बसलेला, सभ्य, मदत करायला तयार. त्याच्या हातात काहीच नव्हतं. तालुक्याच्या पातळीवर एका नावानिशी नेमलेल्या अधिकाऱ्याला आपल्या लॉगिनमधून निर्णय फिरवता आला पाहिजे, थकबाकीसकट, आणि फिरवला म्हणून त्याची चौकशी लागता कामा नये. शेवटचा मुद्दा कोणी बोलत नाही, पण तोच खरा आहे. यंत्राच्या विरुद्ध सही करणाऱ्या लिपिकाला ऑडिटची भीती असते. यंत्राच्या बाजूनं गप्प राहणाऱ्याला कसलीच नसते.

चूक सामूहिक असते, म्हणून दादही सामूहिक हवी. एका नावसाधर्म्याची चूक सापडली, की त्याच नियमानं काढलेली सगळी नावं खात्यानं आपणहून तपासावीत. प्रत्येकीनं वेगळा अर्ज का करायचा? ॲमस्टरडॅम आणि हेलसिंकी या शहरांनी २०२० पासून आपण कोणती अल्गोरिदम वापरतो याची नोंदवही लोकांसाठी खुली ठेवली आहे. आपल्या जिल्हा परिषदेनं निदान कोणती यादी कोणत्या यादीशी जोडली एवढं लावलं तरी खूप झालं.

आंतरराष्ट्रीय मसुद्यांबद्दल विद्यार्थी विचारतील. युनेस्कोची नोव्हेंबर २०२१ ची शिफारस वाचायला छान आहे, बंधनकारक नाही. युरोप परिषदेचा एआय आणि मानवी हक्कांवरचा करार ५ सप्टेंबर २०२४ ला व्हिल्नियसमध्ये सह्यांसाठी खुला झाला. राष्ट्रीय सुरक्षेला त्यात मोठी सूट आहे. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला, त्याच्या कलम ८६ मध्ये काही निर्णयांचं स्पष्टीकरण मागण्याचा हक्क आहे. तो आपल्या कामाचा नमुना.

भारतातल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात असं कलम नाही. माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. माणसाविषयी निर्णय घ्यायला वापरली जाणारी माहिती अचूक असावी, असं कलम ८(३) सांगतं, ते खटल्यात उपयोगी पडेल. पण सरकारला सवलती भरपूर आहेत. दंड अडीचशे कोटींपर्यंत होऊ शकतो, आणि तो जातो भारताच्या संचित निधीत. ज्याचं नुकसान झालं त्याला दमडी नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ मध्ये भरपाईची थोडी वाट होती, तीही काढून टाकण्याची तरतूद या कायद्यात आहे. शिवाय माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीबद्दलचं ८(१)(ञ) हे कलमही यानंच बदलून टाकलं, त्यामुळे लाभार्थ्यांच्या याद्या मागवणं अवघड होणार आहे. सामाजिक लेखापरीक्षण करणाऱ्या कार्यकर्त्यांना विचारा, ते तुम्हाला तासभर सांगतील.

अभिव्यक्तीबद्दल मी लांबण लावत नाही. तिथे न्यायालयं तुलनेनं जागी आहेत. पालघरच्या फेसबुक पोस्टवरच्या अटकांनंतर सुरू झालेल्या लढाईत माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन मजकुरावरून अटक करू देणारं ६६अ कलम २०१५ मध्ये रद्द झालं, आणि सरकारविषयीचा ऑनलाइन मजकूर खरा की खोटा हे ठरवणारं सरकारचंच फॅक्ट-चेक युनिट मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. तिथे आवाज असलेले लोक भांडतात. रेशनवाल्यांचं तसं नाही. चेहरा ओळखणाऱ्या पोलिसी कॅमेऱ्यांचा विषय मात्र गंभीर आहे आणि वेगळ्या सत्राचा आहे. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात सांगितलं होतं, की ८० टक्के जुळणी झाली की ते ती होकारार्थी धरतात. उरलेल्या २० टक्क्यांत कोण सापडेल यावर मुलांना विचार करू द्या.

चर्चासत्राच्या दुपारी एक काम करून घ्या. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(घ) सांगतं, की प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला देणं सरकारी कार्यालयावर बंधनकारक आहे. २००५ पासून ते आहे, फारसं कोणी वापरत नाही. ज्यांचं काही बंद झालंय अशा चार-पाच माणसांना गावातून बोलवा, सोबत एखादा रेशन दुकानदार आणि सेतू केंद्र चालवणाराही. विद्यार्थ्यांनी अर्ज लिहावेत: माझा लाभ कोणत्या तारखेला थांबला, कोणत्या अधिकाऱ्याच्या आदेशानं, आदेशाची प्रत, कोणत्या नियमाखाली, कोणत्या यादीशी पडताळून, ती यादी कोणत्या दिवसाची, आणि नोंद चुकीची असल्यास ती बदलण्याचा अधिकार कोणाला, पदनामासह. शेवटचा प्रश्न विसरू नका. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही नको, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. तहसीलच्या आवक खिडकीवर दोन प्रतींत द्यायचा आणि आपल्या प्रतीवर शिक्का-तारीख घेतल्याशिवाय हलायचं नाही. उत्तरं महिनाभरात यायला हवीत. आली, की त्यातला शेवटच्या प्रश्नाखालचा रकाना मला पाठवा. अपिलाचा मसुदा मी करून देईन.